आठ तास झोपा, असे कोणाला सांगता?

स्त्रीची झोप आणि तिचे लैंगिक आरोग्य यांचा संबंध आहे, हे संशोधनाने पुरेसे दाखवले आहे. कामेच्छा, उत्तेजना, योनिमार्गातील ओलावा, संबंधांच्या वेळचे दुखणे, तृप्ती आणि या सगळ्यांविषयी स्त्रीच्या मनात असलेली बेचैनी, एवढे सारे ‘लैंगिक आरोग्य’ या शब्दात येते. झोप बिघडलेल्या स्त्रियांमध्ये यांपैकी एखादी तरी तक्रार अधिक आढळते. इथवर दुमत नाही. वाद आहे तो या संबंधावरून तयार झालेल्या उपदेशाशी. आरोग्यपुरवण्यांतून, व्याख्यानांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून तो तीन कलमांत सांगितला जातो. झोप कमी झाली की स्त्रीची संप्रेरके घटतात आणि इच्छा मरते, हे पहिले. समागम ही झोपेची उत्तम गोळी आहे, हे दुसरे. आणि तिसरे असे, की स्त्रीने आठ तास झोपावे, मोबाइल दूर ठेवावा, खोली अंधारी आणि थंड ठेवावी, म्हणजे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतील. यातले पहिले कलम पुरुषांवरच्या पुराव्यावर उभे आहे. दुसरे अर्धवट आहे. तिसरे ज्या बाईला उद्देशून आहे, तिची रात्र तिच्याच ताब्यात असते असे ते धरून चालते.

या उपदेशाला आधार म्हणून बहुधा २०१५ सालचा एक अमेरिकी अभ्यास पुढे केला जातो. मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड काल्मबाख आणि सहकाऱ्यांनी १७१ विद्यार्थिनींकडून सलग १४ दिवस रोजच्या नोंदी घेतल्या. रात्री किती झोप झाली, कशी झाली, आणि त्यानंतरच्या दिवसात कामेच्छा, उत्तेजना, जोडीदाराशी संबंध यांचे काय झाले, हे त्यांत विचारले होते. झोप एक तासाने वाढली की दुसऱ्या दिवशी संबंध येण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. इच्छाही जास्त होती. अभ्यास नेटका आहे. रात्र आधी आणि दिवस नंतर असा क्रम त्यात पाळलेला असल्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा अंदाज बांधायला निदान जागा मिळते. पण ते १४ टक्के वाचताना वाटतात तेवढे मोठे नाहीत. एखाद्या तरुणीच्या बाबतीत त्या दिवशी संबंध येण्याची शक्यता शंभरात वीस धरली, तर तासभर जास्त झोपल्याने ती बावीस-तेवीसच्या घरात जाते. चौतीसवर जात नाही. शिवाय या मुली सरासरी विशीच्या आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या. रात्री दोनदा दूध मागणारे मूल, पहाटे चारला सुटणारे नळाचे पाणी, सहाच्या आत भरायचे दोन डबे, हे काही त्यांच्या रात्रीचे घटक नव्हते. त्यांच्यावरचा निष्कर्ष पंचेचाळिशीच्या बाईला लावताना लेखकाची लेखणी जरा अडखळायला हवी होती. ती अडखळत नाही. आणि संबंधांची संख्या वाढली म्हणजे आरोग्य सुधारले, हे समीकरण तर कोणत्याच आकड्यातून निघत नाही.

मोठ्या वयाच्या स्त्रियांवरचे दोन अभ्यास अधिक कामाचे आहेत. अमेरिकेतल्याच ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या दीर्घकालीन प्रकल्पातील ५० ते ७९ वयाच्या ९३,६६८ स्त्रियांच्या माहितीचे विश्लेषण ज्युलिआना क्लिंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. जवळपास ३१ टक्के स्त्रियांना निद्रानाश होता, आणि सात-आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये लैंगिक समाधानाचे प्रमाण कमी होते. म्हणजे इथे तास महत्त्वाचे ठरले. याच क्लिंग यांचा मेयो क्लिनिकमधला दुसरा अभ्यास २०२१ सालचा. त्यात ३,४३३ स्त्रिया होत्या, सरासरी वय ५३. झोपेचा दर्जा वाईट असलेल्यांमध्ये लैंगिक तक्रार असण्याची शक्यता १.४८ पट निघाली. मात्र वय, रजोनिवृत्ती, औषधे आणि इतर गोष्टींचा हिशेब लावल्यावर झोपेच्या तासांशी असलेला संबंध टिकला नाही. दर्जाशी असलेला टिकला. सहा तासांची सलग झोप आणि चार वेळा तुटलेले आठ तास यांत फरक आहे, हे कुठल्याही बाळंतिणीला विचारले असते तरी कळले असते. तरीही उपदेशात अजून ‘आठ तास’च चालू आहेत, कारण तास मोजता येतात आणि दर्जा विचारावा लागतो.

या दोन्ही अभ्यासांची मर्यादा एकच. झोप आणि लैंगिक तक्रार त्यांत एकाच वेळी विचारली गेली. वाईट झोपेने इच्छा गेली, की दुखणाऱ्या संबंधांच्या धास्तीने झोप उडाली, की दोन्हींच्या मागे तिसरेच काही होते, हे अशा पाहणीतून ठरत नाही. उपदेश मात्र पहिली शक्यता सिद्ध धरतो आणि उरलेल्या दोन्ही सोडून देतो.

आता संप्रेरकांची गोष्ट. ‘कमी झोपेने टेस्टोस्टेरॉन घटते’ हे विधान निराधार नाही. शिकागो विद्यापीठातील राशेल लप्रू आणि ईव्ह व्हान कॉटर यांनी २०११ साली तसे दाखवले. आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिल्यावर दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. पण प्रयोगात माणसे होती दहा, आणि दहाही तरुण पुरुष. स्त्रीच्या रक्तात हे संप्रेरक पुरुषाच्या साधारण दहाव्या-विसाव्या हिश्श्याने असते, त्याचा काही भाग बीजांडकोशांतून आणि काही अधिवृक्क ग्रंथींतून येतो, आणि त्याच्या रक्तातल्या पातळीवरून स्त्रीची इच्छा ओळखता येत नाही. २०१९ साली आंतरराष्ट्रीय वैद्यक संघटनांनी एकत्र येऊन काढलेल्या निवेदनात हे स्पष्ट लिहिले आहे. रक्तातली अमुक पातळी म्हणजे लैंगिक तक्रार, अशी रेघ मारता येत नाही, आणि स्त्रीला टेस्टोस्टेरॉन देण्याला पुरावा असलेले कारण एकच, ते म्हणजे रजोनिवृत्तीनंतर इच्छा कमी होऊन तिचा त्रास होत असणे. दहा पुरुषांच्या रक्तावरून कोट्यवधी स्त्रियांच्या मनाचे निदान करणे हा विज्ञानाचा भाग नाही, भले त्यात संप्रेरकाचे नाव अचूक लिहिलेले असो.

अशीच दुसरी उडी स्वप्ननिद्रेवरून मारली जाते. डोळ्यांच्या जलद हालचालींची जी झोप असते, तिच्या काळात पुरुषांप्रमाणेच स्त्रियांच्या जननेंद्रियांतही रक्तपुरवठा वाढतो. योनिमार्गातील रक्तप्रवाह मोजणारे उपकरण सिंचाक आणि गीर यांनी १९७५ साली मांडले, आणि पुढच्या दशकभरात झोपेतल्या स्त्रियांवर अशी मोजमापे झाली. निरीक्षण खरे आणि मोठे रंजकही. त्यावरून ‘स्वप्ननिद्रा तुटली म्हणून कोरडेपणा आला’ असे सांगणे मात्र कल्पनाशक्तीचे काम आहे.

दुसऱ्या कलमाचा, म्हणजे झोपेच्या गोळीचा, पुरावा याहून पातळ आहे. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ७७८ जणांना प्रश्नावली दिली; त्यांत ४४२ स्त्रिया होत्या. परमोच्च सुख मिळाल्यावर झोप लवकर व चांगली लागते, असे अनेकांनी सांगितले. सांगितले, हा शब्द महत्त्वाचा; झोप मोजली नव्हती. मोजण्याचा प्रयत्न कॅनडात १९८५ साली झाला होता. पाच पुरुष आणि पाच स्त्रिया, डोक्याला तारा लावून. हस्तमैथुनानंतरची, परमोच्च सुखासह आणि त्याविना, अशी झोप त्यांनी नुसत्या वाचनानंतरच्या झोपेशी ताडून पाहिली. फरक आढळला नाही. दहा माणसांवरून काहीच कायमचे ठरत नाही, हे खरे. पण ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे म्हणणाऱ्यांच्या हातात याहून भारी काही नसते. प्रोलॅक्टिन, ऑक्सिटोसिन ही नावे घेतली जातात. ही संप्रेरके वाढतात, तेही खरे. वाढल्याने झोप लागते, ही पुढची पायरी गृहीत धरलेली आहे.

आणि समजा, सुखानंतर झोप लागते. सुखानंतर. घरोघरी उपदेश पोहोचतो तेव्हा हा शब्द गळून पडतो आणि नुसते ‘समागमाने झोप लागते’ एवढे उरते. ज्या बाईला संबंधांच्या वेळी आग होते, नंतर लघवीला जळजळते आणि दोन दिवस ओटीपोटात ठणकते, तिला हे वाक्य ऐकवणे क्रूर आहे. तिच्या शेजारचा घोरू लागतो तेव्हा ती मोरीत पाण्याचा हबका मारत उभी असते. झोपेची गोळी कोणाला मिळाली, हे उघड आहे.

दोन्ही तक्रारींच्या मागे उभे असलेले तिसरे कारण उपदेशात सर्वांत कमी येते, आणि उपचार तर तिथेच शक्य आहेत. सर्वांत मोठे उदाहरण पाळी जाण्याच्या काळाचे. भारतात नैसर्गिक रजोनिवृत्ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधी. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान सांभाळणारी यंत्रणा असते. इस्ट्रोजेन घटले की तिची सहनशीलता आकसते. एरवी लक्षातही न येणारा, अंशाच्या काही दशांशांचा चढ तिला ताप वाटतो आणि ती अंग थंड करण्याच्या मागे लागते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, छातीपासून कानशिलांपर्यंत वाफ येते, घाम फुटतो. रात्री अडीच वाजता बाई पदराने मान पुसत उठते, पंखा पाचावर करते. पाच मिनिटांत अंग गार पडते, ती चादर चाचपते, आणि तेवढ्यात शेजारून आवाज येतो, ‘पंखा कमी कर.’ रात्रीत हे तीन-चारदा होते.

त्याच घटलेल्या इस्ट्रोजेनमुळे योनीचे अस्तर पातळ होते, ओलावा कमी होतो, तिथली आम्लता उतरते आणि ती राखणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू हटतात. मूत्रमार्गाचे अस्तरही त्याच वळणावर जाते. संबंध दुखतात, लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होतो, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. या सगळ्याला २०१४ साली वैद्यक संघटनांनी एकच नाव दिले, रजोनिवृत्तीजन्य जनन-मूत्र लक्षणसमूह. म्हणजे झोप आणि संबंध या दोन्हींना एकाच जागेवरून धक्का बसतो. इथे ‘लवकर झोपा’ सांगून काय होणार? योनीत लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम कोरडेपणावर चांगले काम करते, त्यातले रक्तात फार थोडे शोषले जाते, आणि तरीही ते क्वचितच लिहून दिले जाते. याला एक इतिहास आहे. २००२ साली ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’चीच एक औषधचाचणी मध्येच थांबवली गेली, कारण संयुक्त संप्रेरक-गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि औषध पोटात घ्यायचे होते. धास्ती मात्र पंचेचाळिशीच्या बाईपर्यंत आणि साध्या मलमापर्यंत पोहोचली. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावे. इतरांनी नावानेच घाबरावे असे त्यात काही नाही.

बाकीची कारणे थोडक्यात. नैराश्य झोप आणि इच्छा दोन्ही नेते. त्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या मन सावरतात, पण इच्छा मंदावणे आणि परमोच्च सुख लांबणे हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. गोळी आपल्या मनाने सोडायची नसते, बदलून मागता येते. झोपेत श्वास अडण्याचा विकार ‘घोरणाऱ्या जाड्या पुरुषाचा’ समजला जातो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतही तो वाढतो, आणि त्यांच्यात तो घोरण्यापेक्षा सकाळची डोकेदुखी, दिवसभराचा थकवा आणि तुटकी झोप अशा रूपात दिसतो. म्हणून बाईचे टेन्शन म्हणून तो सोडून दिला जातो. रक्तक्षयाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. लोह कमी पडले की अंथरुणावर पडताच पाय वळवळू लागण्याचा विकार बळावतो, आणि रक्तक्षयाचा थकवा इच्छेलाही ठेवत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईत प्रोलॅक्टिन चढलेले आणि इस्ट्रोजेन उतरलेले असते, त्यामुळे कोरडेपणा स्वाभाविक. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर तिला ‘आता हरकत नाही’ असे सांगतात. हरकत टाक्यांची नसते, एवढाच त्याचा अर्थ.

उपदेश करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. सवयी बदलून झोप सुधारते, हे खोटे नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील सुझन मकरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली गरम वाफांनी झोप मोडलेल्या १०६ स्त्रियांवर निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धत फोनवरून वापरली. आठ आठवड्यांत सहा वेळा बोलणे, झोपेची रोजची नोंद, अंथरुणात घालवायच्या वेळेचे वेळापत्रक. निद्रानाश ठळकपणे उतरला. पण तुलनेसाठी ज्या गटाला रजोनिवृत्तीविषयी माहिती आणि सल्ला दिला होता, त्याला फायदा बराच कमी झाला. लेख वाचून जे हाती लागते ते त्या दुसऱ्या गटातले असते. ‘वय झाले, आता हे चालायचेच’ म्हणणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या सल्लागारांनाही हाच अभ्यास उत्तर देतो.

आता तिसरे कलम. खोली अंधारी आणि थंड ठेवा, असे सांगताना सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बेडरूम असते. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सासूसासरे, दोन मुले आणि नवराबायको एकाच दिव्याखाली झोपतात, तिथे एकांत मिळवायचा तर सगळे झोपेपर्यंत जागे राहावे लागते. पहाटेचा गजर तर सरकत नाही. म्हणजे अशा घरात संबंधांची वेळ बाईच्या झोपेतूनच कापली जाते. झोप वाढली की संबंध वाढतात, हे मिशिगनचे गणित इथे उलटे आहे.

दिवसाचा हिशेब याहून वेगळा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवताना आढळल्या. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, आणि ते करणारा पुरुष चारांतला जेमतेम एक. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात धरलेले नाही. ते निराळे मोजले जाते, आणि त्यातही बाईचा वाटा जवळपास दुप्पट. थकव्याची दखल सरकारी पाहणीतही आहे, पण वेगळ्याच रकान्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी विचारते, की नवऱ्याला गुप्तरोग असेल, त्याचे दुसऱ्या बाईशी संबंध असतील, किंवा बायको थकलेली असेल वा तिचे मन नसेल, तर तिने नकार देणे योग्य आहे का. पाचव्या फेरीत तिन्ही कारणे मान्य करणाऱ्या स्त्रिया ८० टक्के निघाल्या, पुरुष ६६ टक्के. तिघांतल्या एका पुरुषाला यातले निदान एक कारण पटत नाही. त्याच्या घरात ‘चांगली झोपा म्हणजे इच्छा होईल’ हा सल्ला बाईच्या कानावर कोणत्या सुरात पडेल, हे सांगायला नको. कायदाही तिच्या मदतीला येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीने केलेला समागम बलात्कार नाही, हा जुना अपवाद तसाच ठेवला आहे.

झोप, श्रम आणि गर्भाशय यांची गाठ महाराष्ट्रात सर्वांत उघडी पडली ती बीड जिल्ह्यात. ऊसतोडीत मजुरी ‘कोयत्या’वर ठरते, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या पडतात. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, मुले उरकते आणि अंधारातच फडावर पोहोचते. दिवसभर ऊस सोलायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. गाडी भरायला रात्री कधीही येते, आणि येईल तेव्हा उठावे लागते. न्हाणी नाही, संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीत फार जाणे या तक्रारी अशा जगण्यात होणारच. आणि त्यांवर उपाय म्हणून ‘पिशवी काढून टाका’ असे सांगितले गेले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. हे प्रमाण शंभरात जवळपास सतरा आहे. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत ते राष्ट्रीय पाहणीनुसार शंभरात तीनच्या थोडे वर आहे.

पिशवी काढल्याने पाळी थांबते आणि खाडा टळतो, एवढेच त्या बाईला सांगितलेले असते. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेन हळूहळू न उतरता एका दिवसात कोसळते. तिशीतल्या बाईला पन्नाशीच्या वाफा येतात, झोप तुटते, संबंध दुखू लागतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. बीजांडकोश ठेवले तरी पुष्कळदा ते वेळेआधी मंदावतात. आधीच चार-पाच तासांवर आलेल्या झोपेत आता वाफांची भर. या बाईच्या झोपेची गुणवत्ता आणि तिचे लैंगिक आरोग्य यांचा संबंध काय, असे विचारले तर उत्तर उचल, खाडा आणि आडोसा या तीन शब्दांतून सुरू करावे लागेल. मोबाइल दूर ठेवा, हे तिला सांगून पाहावे.

औषधांच्या बाजारानेही हा संबंध कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली. स्त्रियांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल उरतो, हे मान्य करून स्त्रियांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला तिथल्या औषध प्रशासनाला २०१३ साल उजाडले. सुमारे वीस वर्षे बायका पुरुषांच्या मापाची गोळी घेऊन झोपत होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१५ साली, त्याच प्रशासनाने स्त्रियांची इच्छा वाढवण्यासाठी फ्लिबॅन्सेरिन मंजूर केले. ते मुळात नैराश्यावर तपासलेले औषध. दोनदा नाकारले गेलेले. चाचण्यांत त्याने महिन्याला समाधानकारक संबंधांत, खोट्या गोळीच्या तुलनेत, अर्ध्या ते एका प्रसंगाची भर टाकली. दुष्परिणाम म्हणजे गुंगी, चक्कर आणि रक्तदाब उतरणे. म्हणून ते रात्री झोपतानाच घ्यायचे. इच्छा जागवणारी गोळी झोप आणते म्हणून निजताना घ्या, ही सूचना कोणा विनोदी लेखकाने लिहिलेली नाही. ती वेष्टनावर आहे.

मराठीत हे विषय बोलायला कोणी धजत नव्हते, असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ पर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून त्यांच्यावर १९३४ साली खटला चालला आणि बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या मासिकात उत्तर देण्याआधी प्रश्न ऐकून घेतला जाई. आजच्या सल्ल्यांत ती पायरीच गाळलेली असते.

तपासायला आलेल्या बाईला म्हणून दोन गोष्टी विचाराव्यात. रात्री किती वेळा उठता, आणि कशासाठी? मुलासाठी, सासऱ्यांसाठी, लघवीसाठी, वाफेने, पाय वळवळतात म्हणून, की गाडी भरायला, या प्रत्येक उत्तराचा उपाय निराळा आहे आणि यांतल्या निम्म्यांचा उपाय घरातल्या दुसऱ्या माणसाने उठण्यात आहे. दुसरा प्रश्न, संबंधांच्या वेळी दुखते का? तो नवऱ्याला बाहेर बसवून विचारावा. दोन्हींना मिळून दोन मिनिटे लागतात. केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख लिहायला जागा असते. या दोन उत्तरांसाठी सहसा नसते.